सरळ रेषेत चाळीस किलोमीटर

मध्ये कुठेही न उतरता विमानाने जाता येईल अशी जगातली सर्वांत लांबची जोडी कोणती, असं विचारलं तर जाणकार माणूस सिंगापूर आणि न्यूयॉर्क असं सांगतो. मध्ये 15,300 किलोमीटरचं अंतर, आणि विमान साडेअठरा तासांच्या आसपास हवेत. उत्तर बरोबरच आहे, पण जाणकार माणूस डिचोलीचा नाही. गोव्यात, डिचोली-पेडण्याच्या पट्ट्यात, हाच प्रश्न टाकून बघा. तिथं कुणी क्षणभरही विचार न करता सांगेल: मोपा आणि दाबोळी.

नकाशावर पट्टी ठेवली तर हे अंतर सरळ रेषेत 40 किलोमीटर भरतं. एवढ्यात विमानाला पुरती उंचीसुद्धा गाठता येत नाही. या दोन विमानतळांना जोडणारं विमान कुणी सोडत नाही ते याचसाठी. पण ज्याला आणायला आपण मोपाला येऊन उभे आहोत तो दाबोळीला उतरलाय, हे एकदा कळलं की पुढचं मोजमाप किलोमीटरमध्ये होत नाही.

मोपाला बाहेरच्या कठड्याशी उभ्या असलेल्या एका गृहस्थांचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं होतं. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे चोरून ऐकल्याचं पाप माझ्याकडे नाही.

"बाहेर आलास?"

"आलो मामा. तुम्ही कुठं आहात?"

"दारासमोरच उभा आहे."

"मीपण दारासमोरच आहे."

"पांढरा शर्ट, हातात छत्री."

"पांढरे शर्ट पुष्कळ आहेत. छत्री कुणाकडे दिसत नाही."

"तुझ्यासमोर काय आहे ते सांग."

"पार्किंग."

"माझ्यासमोर पण पार्किंगच आहे. मग तू दिसत कसा नाहीस?"

दोघंही खरं बोलत होते. मामांनी छत्री उघडून डोक्यावर धरली, म्हणजे भाच्याला लांबून दिसावी. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. आजूबाजूचे ड्रायव्हर बघायला लागले. मग पलीकडून भाचा म्हणाला, "मामा, आत्ता नौदलाचं हेलिकॉप्टर गेलं बघा वरून." मामांनी वर पाहिलं. मग छत्री मिटली. मोपाला नौदल नाही, हे पेडण्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

"तिथंच थांब, हलू नको," मामा म्हणाले. "नाहीतर असं कर, तूच ये. नको, नको, थांब. मीच येतो. म्हापशाला भेटायचं का?"

पुढचं मला ऐकता आलं नाही, पण मामांचा पुढचा दीड-दोन तासांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे उभा राहिला. मोपाहून जोडरस्त्याने धारगळच्या सुकेकुळणला, तिथून कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी, मांडवीवरचा पूल, बांबोळीचा चढ, झुआरीचा पूल, कुठ्ठाळी, चिखली, आणि मग दाबोळी. रस्त्याने साठेक किलोमीटर. वेळेचं मात्र पर्वरीत काय चाललंय त्यावर. भाचा बेंगळुरूहून आला असेल तर तो आकाशात जेवढा वेळ होता त्याहून जास्त वेळ दाबोळीच्या बाकावर बसून राहिला असणार.

तिकिटावर हा फरक एका अक्षराचा आहे. दाबोळीचं जीओआय, मोपाचं जीओएक्स. इतर गावी दोन विमानतळ असतात, नाही असं नाही, पण ती गावं मोठी असतात. आमचं अख्खं राज्य उत्तर-दक्षिण शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत संपतं आणि त्यात दोन आंतरराष्ट्रीय विमानतळ. त्यात मोपापासून पन्नास किलोमीटरही पलीकडे नाही तो सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ, 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झालेला. कोकणपट्टीला नवा विमानतळ मिळायला कित्येक वर्षं वाट बघावी लागली आणि मग सव्वा वर्षात दोन आले. आता वेंगुर्ल्याच्या माणसाला विमानतळ निवडायची पंचाईत आहे, आणि ही पंचाईत तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना मोठ्या कौतुकाने सांगतो.

मोपाची गोष्ट तशी लांबलचक आहे. केंद्राची मंजुरी 2000 सालची. त्यानंतर जमीन, आंदोलनं, दक्षिण गोवा विरुद्ध उत्तर गोवा असे वाद; 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाच्या परवानगीला स्थगिती दिली आणि 2020 च्या जानेवारीत ती उठवली. 11 डिसेंबर 2022 ला उद्घाटन झालं, मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं गेलं, आणि 5 जानेवारी 2023 ला हैदराबादहून पहिलं प्रवासी विमान उतरलं. म्हणजे निर्णय झाल्यापासून पहिलं चाक टेकेपर्यंत बावीस-तेवीस वर्षं. त्याच डिसेंबरात नव्या झुआरी पुलाची एक बाजूही खुली झाली. दाबोळीला जाणं इतक्या वर्षांनी एकदाचं सुखाचं झालं, आणि नेमकी विमानं मोपाला जायला लागली.

मोपा, वारखंड, नागझर, चांदेल, कासारवर्णे या गावांच्या माथ्यावरचं ते पठार. काजूच्या बागा होत्या, गुरांची चरणं होती, धनगरांची घरं होती. आता साडेतीन किलोमीटरची धावपट्टी आहे आणि भोवती कुंपण. कुंपणाला लागून ज्याचं घर आहे त्याला विमानाच्या पोटावरची अक्षरं वाचता येतात. पण त्यालाच मुंबईला जायचं झालं तर सगळा वळसा घालून दारापर्यंत यावं लागतं, आणि तिकीट काढावं लागतं ते वेगळं. मोपा जवळ आला असं आम्ही डिचोलीकर मोठ्या खुशीत म्हणतो. आमची जमीन गेली नाही, म्हणून एवढी खुशी परवडते.

आमच्या आधीच्या पिढीला विमान म्हणजे दाबोळी, आणि दाबोळी म्हणजे दिवस मोडणं. झुआरीवर पूल आला 1983 मध्ये. त्याआधी आगशीला फेरीबोटीची रांग. मांडवीवर 1970 ला पूल आला, तो 5 जुलै 1986 ला कोसळला, आणि नवा 1992 ला उभा राहिला. मधल्या काळात पेडण्याहून मुंबईचं विमान पकडायचं तर बेतीला पुन्हा फेरीबोट. विमान तासाभरात मुंबईला पोचवायचं आणि ते गाठायला माणूस पहाटेच्या काळोखात घर सोडायचा. शिवाय एकटा कधीच जायचा नाही. दुबईला चाललेल्या एका मुलामागे जीप भरून माणसं. कोण रडायला, कोण हसवायला, कोण विमान बघायला, आणि एक काका निव्वळ रस्ता ठाऊक असल्याच्या अधिकारावर पुढच्या सीटवर. दाबोळीला सकाळचा बराचसा वेळ नौदलाच्या सरावासाठी राखलेला, त्यामुळे दुपारी सगळी विमानं एकमेकांच्या पाठोपाठ, आणि बाहेर अख्ख्या गोव्याची जत्रा.

आता पोचवायला जाणं उरलं नाही असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. डिचोलीहून अस्नोडा, कोलवाळ करत मोपा तीसेक किलोमीटर. जवळ आहे म्हणून तर आता जास्तच माणसं येतात.

आमच्या वाड्यावरची एक मावशी मुलीकडे इंग्लंडला, स्विंडनला, जायला निघाली तेव्हा अंतराचा विषय नीटच ऐरणीवर आला. स्विंडन हे नाव उत्तर गोव्यात म्हापशाइतकं सरावाचं झालंय. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं, आणि पोर्तुगाल युरोपीय संघात असल्यामुळे त्या पासपोर्टवर इंग्लंडात जाऊन राहता येत असे. इंग्लंड संघातून बाहेर पडल्यावर ती वाट अरुंद झाली, तोवर बरीच माणसं पोचली होती. मावशीचा जावई त्यांतला.

"स्विंडन नेमकं किती लांब?" मावशीने विचारलं.

आमच्याकडे भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत. त्यांच्याकडे पत्र्याचा पृथ्वीगोल आहे. त्यावर सोव्हिएत युनियन अजून अखंड आहे आणि आस सैल झाल्यामुळे पृथ्वी फिरताना कुरकुरते. सरांनी शिवणाच्या पेटीतला काळा दोरा घेतला, एक टोक अंगठ्याने गोव्यावर दाबलं आणि दुसरं ताणून लंडनवर ठेवलं. दोरा मावशीच्या अपेक्षेप्रमाणे पश्चिमेला अरबस्तानावरून गेला नाही. तो वर चढला. अरबी समुद्र तिरका कापून मकरानच्या किनाऱ्याला लागला, इराण ओलांडला, काळ्या समुद्रावरून, रुमानियाच्या डोंगरांवरून, जर्मनीवरून उतरत लंडनला टेकला.

"हे वाकडं जातंय," मावशी म्हणाली.

"वाकडं नाही. हेच सरळ." सरांचा आवाज वर्गात शिरला. "सपाट नकाशावर पट्टीने आखलेली रेघ लांब पडते. गोळ्यावर दोरा ताणला की तो आपोआप जवळची वाट धरतो."

दोऱ्याची लांबी मापून, परीघाशी त्रैराशिक मांडून सरांनी आकडा काढला: साडेसात हजार किलोमीटर. मोपा ते लंडनच्या गॅटविक विमानतळाचं अंतर खरोखरच तेवढं आहे. मग त्यांनी दोरा दुमडला आणि बरोबर मध्यावर नख टेकवलं. नखाखाली आर्मेनिया आणि इराणची सीमा आली.

"म्हणजे अर्ध्या वाटेत आर्मेनिया," सर म्हणाले.

"तिथं थांबतं?"

"नाही थांबत."

"मग ती अर्धी वाट कसली?"

मुंबईच्या बसने आयुष्य काढलेल्या माणसाची अर्धी वाट म्हणजे जिथं गाडी थांबते, चहा मिळतो आणि मागचा प्रवासी चढला नाही म्हणून क्लीनर ओरडतो ती जागा. सरांपाशी याला उत्तर नव्हतं. त्यांनी विषय बदलायला पृथ्वी उलटी केली आणि डिचोलीच्या बरोबर पायाखाली काय आहे ते दाखवलं. पेरूच्या पश्चिमेला भर प्रशांत महासागर. गोव्यापासून याहून लांब जाताच येत नाही, 20,000 किलोमीटर. तिथून पुढे टाकलेलं प्रत्येक पाऊल घराकडेच येतं. जमीन नाही, बेट नाही, विमानतळ तर नाहीच. मावशीला ते ऐकून बरं वाटलं. त्या मानाने स्विंडन जवळच.

सरांच्या दोऱ्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. युद्ध सुरू झाल्यापासून, म्हणजे 2022 च्या फेब्रुवारीपासून, युक्रेनचं आकाश बंद आहे. 2025 च्या एप्रिलात पाकिस्ताननेही भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. दोरा कुठूनही जातो, विमानाला परवानगी विचारावी लागते. म्हणून अंतराचे आकडे देणारी यंत्रं एक सांगतात आणि विमान त्याहून शे-दोनशे, कधी त्याहूनही जास्त किलोमीटर फिरून जातं. गावात नाही का, भावाभावांचा वाद असला की देवळात जायला आख्ख्या तळ्याला वळसा पडतो, तसंच हे.

आणि वेळ? सरांनी नऊशेच्या वेगाने भागून आठ तास वीस मिनिटं काढली. प्रत्यक्षात लागतात दहाच्या आसपास. चढणं, उतरणं, रांगेत घिरट्या घालणं यांचा वेळ त्रैराशिकात येत नाही, आणि वारा तर मुळीच येत नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरकस प्रवाह असतो. युरोपला जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीवर. म्हणून येताना विमान अर्धा-पाऊण तास लवकर पोचतं. मावशीने यावर फक्त एवढंच म्हटलं की माहेरी येताना बाई नेहमीच लवकर पोचते.

वाऱ्याचा हा हिशेब गोव्याला नवा नाही. दाबोळीच्या शेजारचं शहर ज्याच्या नावाने आहे तो वास्को द गामा 8 जुलै 1497 ला लिस्बनहून निघाला आणि 20 मे 1498 ला कालिकतला पोचला. दहा महिने बारा दिवस. यातला शेवटचा टप्पा, आफ्रिकेतल्या मालिंदीहून अरबी समुद्र ओलांडणं, त्याला महिन्याच्या आत जमला, कारण वाटाड्याही होता आणि वाराही. परतताना त्याने वाऱ्याचं ऐकलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला काणकोणसमोरच्या अंजदीव बेटाहून निघाला, तो आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला जानेवारी उजाडल्यावर. समुद्र तोच, पण वेळ तिप्पट, आणि वाटेत हिरड्या सुजून कितीतरी खलाशी गेले. आज गोव्याहून लिस्बनला थेट विमान असतं तर 8,300 किलोमीटर अकरा-बारा तासांत उरकले असते. दहा महिने घेणाऱ्याच्या नावाने शहर वसलं, आणि त्याच शहरालगत विमान अर्धा तास उशिरा आलं तर माणसं काउंटरवर भांडतात.

दाबोळीहून लिस्बनला एके काळी विमान जायचं खरं. तो विमानतळ पोर्तुगिजांनी 1950 च्या दशकात बांधला आणि 1955 मध्ये गोव्याची स्वतःची विमान कंपनीही काढली. तिचं नाव होतं ट्रान्सपोर्तेस आएरेउस दा इंदिया पोर्तुगेझा. नाव उच्चारून होईपर्यंत विमान दमणला पोचावं. दीव, दमण, कराची आणि पुढे लिस्बन असा तिचा पसारा. 18 डिसेंबर 1961 ला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. उभी असलेली दोन प्रवासी विमानं मात्र शाबूत राहिली. रात्री काळोखात, जेवढी धावपट्टी धड उरली होती तेवढीवरून ती दोन्ही उडाली आणि कराचीला पोचली.

त्याच दिवशी सकाळी साडेसहाला दोडामार्गाहून लष्कराची एक तुकडी आत शिरली आणि थिवीमार्गे संध्याकाळी पाचच्या सुमाराला मांडवीकाठी बेतीला पोचली. पस्तीस-चाळीस किलोमीटर, दिवसभर, आणि वाटेत विरोध असा नाहीच. तरुणपणी हे वाचताना वाटायचं, एवढा वेळ कशाला लागला असेल? डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात म्हापशावरून पणजीला गाडी नेऊन पाहिल्यावर लष्कराबद्दलचा आदर वाढला.

मावशीकडे परत येतो, कारण तिचा खरा प्रवास अजून सुरूच व्हायचा होता. आमच्याकडे तिकीट काढण्याआधी देवीला विचारावं लागतं. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गुरव प्रश्न मांडतो. उजवी पडली तर जा, डावी पडली तर थांब. मावशीची उजवी पडली, पण ती ज्या तारखेला पडली तिचं तिकीट दुप्पट दराचं होतं. मग स्वस्तातल्या तारखेसाठी पुन्हा कौल लावला. देवीने तोही दिला. देवीला माणसाची ऐपत कळते.

निघायच्या आदल्या दिवशी गाऱ्हाणं. गुरव हात जोडून उभा, मागे घरची सगळी. "बाय माझे, हें तुझें लेकरूं सात दर्यांपलीकडे चाललां," त्याने सुरू केलं.

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत दोहाला विमान बदलूचां आसां. थंय दुसरें विमान चुकूं नये, बॅग खंय हरवूं नये."

"व्हय म्हाराजा!"

"आणि इमिग्रेशनवाल्यान कसलो वांकडो प्रश्न विचारलो तर तुवें तेच्या तोंडार हात ठेव."

यावरचा "व्हय म्हाराजा" सर्वांत मोठा होता.

दोहावरून जाण्याचं कारण असं की मोपाहून गॅटविकला 2023 च्या जुलैपासून एअर इंडियाचं थेट विमान होतं, आठवड्यातून तीनदा, ते 2025 च्या जूनमध्ये थांबवण्यात आलं. घराच्या मागच्या पठारावरून सरळ लंडन, ही चैन आमच्या नशिबी जेमतेम दोन वर्षं. थेट विमानात दहा तास. मध्ये बदलायचं म्हटलं की पंधरा, अठरा, वीस. अंतर फारसं वाढत नाही, बसून राहणं वाढतं.

त्यानंतर बॅग. न्हाणीघरातला वजनकाटा मधल्या खोलीत आला. बॅग काट्यावर ठेवली की आकडा झाकला जातो, म्हणून आधी मावशी एकटी उभी राहिली, मग बॅग कवटाळून, आणि सरांनी वजाबाकी केली. तीन किलो जास्त. पहिल्यांदा मावशीचे स्वेटर बाहेर आले, कारण ते तिथंही मिळतात. आमसोलं तिथं मिळत नाहीत. हरमलची मिरची मिळत नाही. सुकी सुंगटं तीन पिशव्यांत गुंडाळून, वर जुना टॉवेल बांधून, बॅगेच्या अगदी पोटात. लईराईच्या जत्रेतलं खाजं जावयासाठी. मग मुलाने नियमांचा कागद वाचून सांगितलं की सुकं खोबरं नेता येत नाही, ते आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडतं.

"खोबरं पेट घेतं?" मावशी थक्क. साठ वर्षं ती चुलीजवळच्या फडताळात खोबरं ठेवत आली होती. तिने ते निमूट काढलं, आणि मुलगा वळल्यावर त्यातलं अर्धं किसून चटणीच्या डब्यात घातलं. किसल्यावर ते खोबरं राहत नाही, चटणी होते. कायद्याचा हा अर्थ सरांनाही पटला.

मोपाला पोचवायला तीन गाड्या होत्या. दाबोळीच्या काळात एकाच जीपमध्ये कोंबून जात. आता जवळ म्हणून आणि प्रत्येकाकडे गाडी म्हणून तीन. मावशीला आत सोडून आल्यावर सगळे बाहेर उभे राहिले, कारण विमान उडाल्याशिवाय निघायचं नाही हा जुना रिवाज. दाबोळीला रस्त्यावरून विमान उडताना दिसायचं. मोपाला इमारत अशी की बाहेरून कोणतं विमान कुणाचं ते कळत नाही. एक विमान उडालं, सगळ्यांनी हात हलवले. सरांनी फोनमध्ये बघून सांगितलं की ते पुण्याचं. थोड्या वेळाने दुसरं उडालं, त्यालाही हात हलवले गेले, जरा कमी उत्साहाने. ते दिल्लीचं निघालं. मावशीचं विमान उडालं तेव्हा सगळे चहाच्या रांगेत होते.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. पोचली होती, बॅग आली होती, इमिग्रेशनवाल्याने फक्त किती दिवस राहणार एवढंच विचारलं. तक्रार एकच: आमच्याकडे निजायची वेळ झाली होती आणि तिथं अजून ऊन होतं. घड्याळ साडेचार तास मागे, त्यामुळे तिचा दिवस संपतच नव्हता आणि मुलगी तिला तिसऱ्यांदा जेवायला वाढत होती. गॅटविकहून स्विंडन मोटारीने अडीच तास लागले, रस्ता गुळगुळीत, पण वाटेत एकही माणूस ओळखीचा भेटला नाही. मावशीच्या मते हा त्या संबंध प्रवासातला सर्वांत लांबचा टप्पा.

अंतराच्या बाबतीत आमच्यापेक्षा अनुभवी माणसं पेडण्यातच आहेत. तेरेखोल हे गाव पेडणे तालुक्यातलं, म्हणजे विमानतळाच्याच तालुक्यातलं, पण नदीच्या पलीकडे. केरीहून फेरीबोटीने जायचं, नाहीतर किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंदा, रेडी असं महाराष्ट्रातून फिरून पुन्हा गोव्यात शिरायचं. केरीला उभं राहिलं की समोर किल्ला दिसतो, घरं दिसतात, कोणाच्या अंगणात कपडे वाळत घातलेत तेही दिसतं.

तिथला एक तारवटी सहा महिने बोटीवर काढून मोपाला उतरला. रॉटरडॅम ते मोपा, मध्ये एक विमान बदलून, सगळं वेळेवर. विमानतळावरून त्याने घरी फोन लावला, "पोचलो." आई म्हणाली, पोचलास तर जेवायला थांबते. तो टॅक्सीने केरीला आला. धक्क्यावर साखळी लावलेली, फेरीबोट पलीकडच्या काठाला, आणि तिच्यावरची माणसं दुपारच्या जेवणाला गेलेली. त्याने पुन्हा फोन लावला.

"मां, तू जेवून घे."

"का? कुठं आहेस?"

"समोर. हात हलवतोय बघ."